हाराआडचे बाबा

नोव्हेंबर संपत आला की बहुतेक शाळांत एक कार्यक्रम ठरलेला असतो. फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलेलं २६/११, टेबलावर पांढरी चादर, चादरीवर हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि तुकाराम ओंबळे यांचे फोटो, प्रत्येक फोटोला झेंडूचा हार. दोन मिनिटं स्तब्धता, मग आठवीतल्या एखाद्या चुणचुणीत मुलीचं पाठ केलेलं भाषण. मुंबईत शिक्षिका म्हणून असे कार्यक्रम मी वर्षानुवर्षं बसवले आणि ते व्हायलाच हवेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आमच्या शाळेला लागूनच पोलीस लाईन होती. पटावरची बरीच मुलं तिथली. बाकीचा वर्ग फोटोंकडे बघत असताना ही मुलं भलतीकडेच बघत असत, कुणी स्वतःच्या बुटांकडे, कुणी खिडकीबाहेर. पुढे त्यांच्यापैकी काही घरांत माझं जाणंयेणं वाढलं. तिथं जे पाहिलं, त्यातलं थोडं आज तुमच्याशी बोलते. तुम्ही पोलिसाच्या घरातले असायला हवं असं मुळीच नाही. एसटीचे चालक, परिचारिका, बोटीवर जाणारे, दुबईला राहणारे, ज्यांच्या घरी एकाचं ताट नेहमी झाकून ठेवावं लागतं, त्या सगळ्यांशीच हे बोलणं आहे.

तुकाराम ओंबळे यांचंच बघा. सातारा जिल्ह्यात जावळी तालुक्यातलं केडंबे हे त्यांचं गाव. आधी सैन्यात सिग्नल्समध्ये होते, नाईक म्हणून निवृत्त झाले आणि १९९१ साली मुंबई पोलिसांत आले. २००८ मध्ये ते सहायक उपनिरीक्षक होते. २६/११ च्या हल्ल्याच्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर त्यांच्या हातात होती फक्त काठी. त्यांनी दहशतवादी कसाबच्या बंदुकीची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण नळी सोडली नाही, आणि कसाब जिवंत हाती लागला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं, चौपाटीवर स्मारक झालं. २०२१ साली तर उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला संशोधकांनी 'आयशियस तुकारामी' असं त्यांचं नाव दिलं. मुलांना हे सांगताना ऊर भरून येतो. पण ही हकिगत सगळी मिळून मिनिटभराची. त्या मिनिटाआधी पोलिसातली सतरा वर्षं होती, त्याआधी सैन्यातली होती, केडंब्यातलं लहानपण होतं, चार मुलींचा बाप म्हणून घरात काढलेले दिवस होते. स्मारकाला यातलं काही ठाऊक असायचं कारण नाही. ते ठाऊक असतं घरच्यांना, आणि घरच्यांनी बोललं तरच ते राहतं.

मला सांगायचं आहे ते एवढंच. माणूस गेला की त्याच्या कर्तृत्वाचं वर्णन करायला जग असतं. खातं असतं, पुढारी असतात, वर्तमानपत्र असतं. पण तो चहा कसा प्यायचा, कशावरून चिडायचा, कुठली भाजी बघून तोंड वाकडं करायचा, हे मुलांना कोण सांगणार? आणि मुलांना बाप आठवतो तो ह्याच गोष्टींतून. शौर्याचा अभिमान वाटतो, पण अभिमान कुशीत घेत नाही.

हेमंत करकरे यांचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं, कारण त्यांच्या बाबतीत घरानं ही बाजू जपली. जन्म १२ डिसेंबर १९५४ चा. शाळा वर्ध्याला, १९७५ मध्ये नागपूरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून मेकॅनिकलची पदवी, काही काळ हिंदुस्तान लिव्हरमध्ये नोकरी आणि १९८२ च्या तुकडीतून आयपीएस. पुढे 'रॉ'साठी सात वर्षं ऑस्ट्रियात होते. जानेवारी २००८ मध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख झाले. हे झालं सेवापुस्तकातलं. चंद्रपूरला पोलीस अधीक्षक असतानाची एक गोष्ट मात्र सेवापुस्तकात सापडायची नाही. नक्षलग्रस्त भाग, जंगलातून सतत फिरती, डोक्यावर केवढा ताण. आणि हा माणूस जंगलातनं वाळकी, वेडीवाकडी लाकडं उचलून घरी आणायचा. त्यातनं काष्ठशिल्पं घडवायचा. एक-दोन नव्हे, ढिगानं. आता विचार करा, पोलीस अधीक्षकाच्या बंगल्यात दारावर पहारा आहे, आत साहेब लाकडाचा भुसा उडवत बसले आहेत. त्या घरातल्या मुलांना बाबा म्हटल्यावर आधी काय आठवत असेल, टोपीवरचं अशोकस्तंभाचं चिन्ह की तो भुसा?

आपल्या सगळ्यांना त्यांचं एकच दृश्य माहीत आहे. सीएसटीबाहेर हेल्मेट आणि जाकीट चढवताना वाहिन्यांनी टिपलेलं. त्याच्या थोडंच आधी, पावणेदहाच्या सुमारास, ते दादरच्या घरी जेवत होते आणि फोन आला. जेवणावरून उठणं हा पोलिसाच्या घरातला रोजचाच प्रकार. लाईनीतल्या बायका तर म्हणतात, ह्यांच्या ताटात दुसरी पोळी वाढायच्या आधी फोनकडे बघावं लागतं.

त्यांची मुलगी जुई करकरे-नवरे यांनी २०१९ साली वडिलांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. अकरा वर्षांनी. हा आकडा मी मुद्दाम लक्षात ठेवला आहे. आपल्याकडे दहावं-बारावं झालं, तेराव्याचं गोड जेवण झालं की मुलांनी शाळेत जावं, पूर्वीसारखं हसावं-खेळावं अशी अपेक्षा असते. वर्षश्राद्धानंतर तर विषयच बंद. इथं एका शिकल्यासवरल्या, संसारी मुलीला वडील कागदावर उतरवायला जवळजवळ एक तप लागलं. मग तुमच्या दहा वर्षांच्या मुलानं चार वर्षांनी अचानक रडायला सुरुवात केली, तर 'आता काय झालं नवीन?' असं विचारू नका. नवीन काही झालेलं नसतं. त्याला कळायला आता लागलेलं असतं.

अशोक कामटे यांच्या पत्नी विनीता यांनी वेगळंच काम केलं. आपला नवरा जिथं मारला गेला त्या गल्लीत कसा पोचला, त्या वेळी बिनतारी यंत्रणेवर काय काय बोललं गेलं, मदत कुणी मागितली होती, हे त्यांनी माहितीच्या अधिकारात नोंदी मागवून खणून काढलं आणि २००९ मध्ये पत्रकार विनीता देशमुख यांच्यासोबत ते पुस्तकात मांडलं. पदरात दोन मुलगे असलेल्या बाईनं दुःखाच्या पहिल्याच वर्षात हे केलं. मला यात आईपण दिसतं. उद्या मुलं विचारतील, तेव्हा त्यांच्या हातात खरी गोष्ट असायला हवी. 'बाबा देवबाप्पाकडे गेले' हे उत्तर पाच वर्षांच्या मुलालाही दोन दिवसच पुरतं. तिसऱ्या दिवशी तो विचारतो, कुठल्या रस्त्यानं गेले? तपशील वयानुसार कमी-जास्त सांगा, पण खोटं सांगू नका. मोठं झाल्यावर मुलाला खरं मोबाईलवर सापडतं, आणि मग तो मरणाऐवजी तुमच्यावर रागावतो.

करकऱ्यांच्या पत्नी कविता यांचं २०१४ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावानं निधन झालं. तिन्ही मुलांनी त्यांच्या अवयवदानाचा निर्णय घेतला. दवाखान्याच्या व्हरांड्यात, अशा घटकेला, तीन भावंडांचं एकमत होतं याचं मला जास्त अप्रूप आहे. संस्कार वगैरे शब्द मी शक्यतो वापरत नाही, पण त्या घरात जेवताना काय बोलणं होत असेल याचा अंदाज येतो.

बरं, ही झाली फोटो लागलेली माणसं. ज्यांचे फोटो लागत नाहीत त्यांच्याबद्दल बोलायला हवं, कारण तुमच्या-माझ्या आसपास तीच जास्त आहेत.

करोनाच्या दोन वर्षांत महाराष्ट्र पोलिसांतली शेकडो माणसं गेली. पंचावन्नच्या पुढच्यांना मुंबईत नाकाबंदीवरून घरी बसवलं तरीही गेली. त्याआधी आणि त्यानंतर कुणी रात्रपाळीत हृदयविकारानं गेलं, कुणी बंदोबस्ताहून परतताना अपघातात. आमच्या शाळेतल्या एका मुलाचे वडील असेच गेले. शिपाई म्हणून भरती झाले होते, खात्याची परीक्षा देऊन फौजदार झाले, खांद्यावर दोन तारे लागले आणि दोनेक वर्षांत रात्रीच्या राऊंडवर छातीत कळ आली. त्या नोव्हेंबरात मुलगा सहावीत होता. कार्यक्रमाची तयारी चालू असताना हार ओवता ओवता त्यानं मला विचारलं, "बाई, हार्ट अटॅकनं गेले तर फोटो लावत नाहीत ना?"

मी काय उत्तर दिलं ते महत्त्वाचं नाही, धड दिलंच नाही म्हणा ना. संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. चाळीतली खोली, भिंतीवर गणवेशातला मोठा फोटो, त्याला चंदनाचा हार, वर बारीक दिवा. आई मुलाबद्दल बोलताना सारखी एकच गोष्ट सांगत होती, "त्याला मी रोज सांगते बाई, तुझे बाबा वाघ होते वाघ. तूही तसंच व्हायचं." मुलगा कोपऱ्यात बसून वहीच्या पुठ्ठ्यावर रेघा मारत होता. मग मी सहज विचारलं, "घरी असले की काय करायचे हो?" ती जरा थबकली. म्हणाली, "घरी? घरी होते कुठं फारसे. आले की झोपायचे." आणि मग मुलगा पहिल्यांदा बोलला. "बूट करायचे."

बूट म्हणजे पॉलिश. नाईट करून सकाळी घरी आले की झोपायच्या आधी ते दारात वर्तमानपत्र पसरून बसायचे. आधी स्वतःचे पोलिसी तांबडे बूट. मग ब्रश बदलून दोन्ही मुलांचे शाळेचे काळे. टाचेकडचा भाग मुलांकडून नेहमी राहतो म्हणून तो आधी. मग जुन्या बनियनच्या तुकड्यानं घासून चकाकी. डोळे झोपेनं मिटत असायचे पण हात चालूच. मुलं शाळेत निघाली की ते बूट त्यांच्या पायात चढवून, नाडी बांधून, मगच आडवे व्हायचे. "सहावीतल्या घोड्याची नाडी बांधायचे," आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली. तोवर मला कळलं होतं, की हा मुलगा कार्यक्रमात फोटोंऐवजी स्वतःच्या बुटांकडे का बघत बसायचा.

पोलिसाचं कुटुंबवत्सल असणं हे असं असतं. त्याला गॅदरिंग जमत नाही, पालकसभा जमत नाही, गणपतीत तर तो घरात नसतोच. विसर्जनाच्या दिवशी सगळ्या शहराच्या आरत्या ऐकेल पण घरची चुकणार. मग तो सापडेल तिथं फट शोधतो. दिवाळीच्या रात्री सहकाऱ्याची ड्युटी करतो आणि बदल्यात मुलीच्या वाढदिवसाची संध्याकाळ मागून घेतो. बदली झाली तर मुलांची शाळा मोडू नये म्हणून स्वतः एकटा खानावळीचं खातो. रात्री साडेदहाला फोन करून विचारतो, कडी लावली का? तुम्ही म्हणाल, एवढंच? हो, एवढंच. पण हे बारा तासांच्या पाळीतून, वर बंदोबस्त, वर कोर्टाची तारीख, त्यातून काढलेलं आहे. २०१६ साली मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा त्याचा आराखडा कुठल्या सल्लागार कंपनीनं नव्हे, त्याच ठाण्यातल्या रवींद्र पाटील नावाच्या कर्मचाऱ्यानं मांडला होता. तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो मनावर घेतला. आहे त्या माणसांत तीन पाळ्या कशा बसवायच्या याचं गणित एक पोलीस कागदावर मांडतो, ते कशासाठी? खात्यात कार्यक्षमता वगैरे बोललं जातं. मला विचाराल तर, घरी जायचं म्हणून. पुढे २०२१ मध्ये राज्यात महिला पोलिसांसाठी आठ तासांची सुरुवात झाली. सण-निवडणुका आल्या की हे सगळं कोलमडतं, तो भाग वेगळा.

आता थोडं घरात राहणाऱ्या पालकाशी. बाहेर असलेला बाप किंवा आई मुलांच्या डोळ्यांसमोर कशी उभी राहते, हे ठरवणारे तुम्ही आहात. 'येऊ देत बाबांना, मग बघतील तुला,' असं रोज म्हणालात तर येणारा माणूस बाबा उरत नाही, शिक्षा होतो. शेजारपाजारचे तर लहान पोरांना थेट 'झोप, नाहीतर पोलीस येईल' म्हणून झोपवतात. लाईनीतल्या एका पिटुकल्यानं यावर म्हटलं होतं, "आला तर बरंच होईल, दोन दिवस आलाच नाहीये." त्यापेक्षा सांगा, आज बाबा अमुक चौकात आहेत, उन्हात उभे आहेत, डब्यात आज मेथी दिली आहे. मुलाच्या डोक्यात त्या माणसाचा दिवस भरला पाहिजे.

आणि जो गेला आहे, त्याच्याबद्दल तक्रारही करू द्या. त्या फौजदारांच्या घरातली थोरली मुलगी दहावीला गेल्यावर एकदा फाडकन म्हणाली, "माझ्या एकाही स्पर्धेला आले नाहीत. लोकांच्या मोर्चाला जायचे." आजी ओरडली, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये गं. मी आजीला बाजूला घेऊन म्हटलं, बोलू द्या. जिवंत बापाशी मुलगी भांडलीच असती की या वयात. तो गेला म्हणून तिचं ते भांडणही काढून घ्यायचं का? वाघाशी भांडता येत नाही, बापाशी येतं. आईनं त्या दिवशी शहाणपणा केला. नवऱ्याची बाजू घेतली नाही, मुलीचीही नाही. कपाटातून रजेच्या अर्जांची एक पिशवी काढली. त्यात मुलीच्या नाट्यस्पर्धेच्या तारखेचा अर्ज निघाला, खाली नामंजूर. मुलीनं तो घडी करून कंपासपेटीत ठेवला. तिचा राग लगेच गेला असं नाही, पण रागाचा पत्ता बदलला.

असे कागद टाकू नका. फोनमधले आवाज टाकू नका. 'जेवून घ्या रे, मला उशीर होईल' असे दहा-पंधरा सेकंदांचे निरोप आज कटकट वाटतात. जुना फोन बंद पडण्याआधी ते दुसरीकडे उतरवून ठेवा. मुलांना रोज ऐकवायचे नाहीत. आहेत एवढं त्यांना माहीत असू द्या.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. मोठ्या मुलाला 'आता तूच या घरातला बाबा' असं चुकूनही म्हणू नका. स्मशानातून परतलेल्या बारा वर्षांच्या पोराला चार काका-मामा खांद्यावर हात ठेवून हे सांगतात आणि त्याचं लहानपण तिथंच थांबतं. दुसरं वाक्य, 'तू पण पोलीस होणार ना?' सत्कारात हमखास येतं, शाल घेऊन उभ्या असलेल्या मुलाला माईकवर विचारतात. त्यात अनुकंपा तत्त्वावरच्या नोकरीचा विषय असतो. घराला आधार हवा असतो, ते मला पुरतं समजतं. घर चालवण्यासाठी ती नोकरी घ्यावी लागली तर घ्यावी, त्यात कमीपणा नाही. पण ती वडिलांची इच्छा म्हणून त्याच्या गळ्यात बांधू नका. फौजदारसाहेबांची इच्छा काय होती, हे मी त्यांच्या पत्नीला विचारलं. ती म्हणाली, "ह्यांची? पोरांनी रात्री झोपावं अशी नोकरी करावी."

शेवटचं एक काम सुचवते, आणि ते लवकर करा, कारण पोलिसांच्या बदल्या होतात, माणसं निवृत्त होऊन गावी जातात. मुलांना वडिलांच्या सहकाऱ्यांकडे घेऊन जा. साहेबांकडे नको, साहेब भाषण करतील. गाडीच्या चालकाकडे, ठाणे अंमलदाराकडे, नाक्यावर सोबत उभ्या राहणाऱ्या हवालदाराकडे जा. घरात न दिसलेला माणूस त्यांनी रात्र रात्र पाहिलेला असतो. आमचा तो सहावीतला मुलगा नववीत असताना आईबरोबर वडिलांच्या जुन्या ठाण्यात गेला. राऊंडच्या गाडीचे चालक भेटले, निवृत्तीला सहा महिने राहिलेले. त्यांनी मुलाला कॅन्टीनमध्ये बसवून चहा-भजी दिली आणि तासभर बोलले. चोर-दरोडेखोरांचं काही नाही. साहेब गाडीत जुनी गाणी म्हणायचे आणि सुरात एकही नसायचं. रस्त्यावरच्या कुत्र्यांना बिस्किटं टाकायचे. आणि दर सोमवारी डबा उघडला की वांग्याची भाजी चालकांच्या ताटात ओतायचे, त्यांचा ठेचा घ्यायचे.

मुलानं आईकडे वळून विचारलं, "बाबांना वांगं आवडत नव्हतं?"

"मला कधी बोलले नाहीत की!" ती कॅन्टीनमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. "सोळा वर्षं करून दिलं मी. बघितलंस ना, असा होता तुझा बाप!"